सायन्स सेंटरला सहकुटुंब जाताय? या चुका आमच्या करून झाल्यात

मुंबईच्या नेहरू सायन्स सेंटरला जायला टॅक्सीत बसून नुसतं ‘नेहरू’ म्हणू नका. आम्ही म्हटलं आणि थेट तारांगणाच्या दारात उतरलो. वार सोमवार, आणि तारांगणाला सोमवारी सुट्टी. बंद फाटकासमोर आमची वरात: मी, नवरा, नऊ वर्षांचा मुलगा, बहिणीची पाच वर्षांची लेक आणि पंचाहत्तरीचे बाबा. फाटकावरच्या काकांनी आमच्याकडे एकदा बघितलं आणि आम्ही काही विचारायच्या आत म्हणाले, “सायन्स सेंटर ना? ते तिकडे.” म्हणजे ही चूक करणारे आम्ही पहिले नव्हतो.

वरळीत नेहरूंच्या नावाच्या जागा एकाहून जास्त आहेत. डॉ. ॲनी बेझंट रस्त्यावर हाजीअलीकडे घुमटाचं नेहरू तारांगण आणि शेजारी नेहरू सेंटरची उंच इमारत. नेहरू सायन्स सेंटर मात्र डॉ. ई. मोझेस रस्त्यावर, महालक्ष्मी स्थानकाच्या बाजूला. नकाशावर अंतर किरकोळ दिसतं, पण भर उन्हात एक पोर कडेवर आणि एक पोर रुसलेलं असताना ते किरकोळ राहत नाही. लोकलने येणार असाल तर लक्षात ठेवा, महालक्ष्मीला फास्ट गाडी थांबत नाही. पुणे, ठाणे, नाशिककडून येणाऱ्यांनी दादरला उतरून पश्चिम रेल्वेची स्लो पकडावी, तिसरं स्टेशन. मेट्रोच्या ॲक्वा लाइनवर तर आता ‘सायन्स सेंटर’ नावाचंच स्थानक आहे, त्यामुळे चुकायला वाव कमी.

आलोच आहोत तर तारांगण आणि सायन्स सेंटर एकाच दिवशी उरकू, हा हिशेब कागदावर छान दिसतो. पुढच्या खेपेला तोही करून पाहिला. चार तास धावलेलं मूल तारांगणाच्या गार अंधारात, आरामखुर्चीत पाठ टेकली की शनीची कडी यायच्या आत झोपतं. मोठी माणसंही झोपतात, पण त्यांची नावं घेत नाही. दोन्ही करायचंच असेल तर तारांगणाचा खेळ आधी घ्या. आणि मराठी, हिंदी, इंग्रजी खेळांच्या वेळा वेगवेगळ्या असतात, त्या निघण्याआधी बघा. मुलाला न कळणाऱ्या भाषेतलं विश्व फार लांबतं.

आता सगळ्यात मोठी चूक. आपल्याकडे कुठेही जायचं म्हणजे दर्शन घ्यायचं. रांग, गाभारा, नमस्कार, पुढे चला. सायन्स सेंटरमध्येही लोक तसेच फिरतात. एका दालनात शिरायचं, डावीकडून उजवीकडे सगळी बटणं दाबायची, एक फोटो, पुढे चला. आमच्या पहिल्या फेरीत आम्ही अख्खी इमारत ‘केली’. घरी आल्यावर मुलाला विचारलं, काय आवडलं? तो म्हणाला, “आइस्क्रीम.” (ते आम्ही बाहेर खाल्लं होतं.)

ही जागा मुळात बघण्यासाठी केलेलीच नाही. इथे सुरुवात झाली तीच प्रकाश आणि दृष्टी यांवरच्या प्रदर्शनाने, १९७७ साली. दोन वर्षांनी, आंतरराष्ट्रीय बालवर्षात, उघड्यावरचं विज्ञान उद्यान आलं आणि मुख्य इमारत खुली झाली ११ नोव्हेंबर १९८५ ला. इमारत अच्युत कानविंद्यांची, म्हणजे आपल्या मालवणाकडच्या आचऱ्याच्या माणसाची. काचेच्या कपाटात ठेवून ‘हात लावू नये’ असं सांगणारं संग्रहालय वेगळं. इथे हात लावला नाही तर तिकिटाचे पैसे फुकट. म्हणून आमचा आता साधा नियम आहे: एका खेपेला दोन दालनं आणि उद्यान, बस. मुलगा एका ठिकाणी अर्धा तास अडकला तर त्याला अडकू द्यायचं. ‘अरे चल, अजून वर बरंच आहे’ हे वाक्य ज्याच्या तोंडून निघेल त्याने सगळ्यांना चहा पाजायचा. नवऱ्याने आतापर्यंत चार वेळा पाजलाय.

वेळेचं गणितही बहुतेकांचं इथेच चुकतं. आरामात जेवून दुपारी पोचायचं आणि सगळ्यात शेवटी बागेत जायचं, असा क्रम ठरलेला. त्याच्या बरोब्बर उलटं करा. दार उघडताच आधी बाग. एप्रिल-मेमध्ये दुपारी तिथल्या लोखंडी दांड्यांना हात लावून बघा म्हणजे कारण कळेल. ऊन चढलं की मग आत. नोव्हेंबर ते जानेवारी शाळांच्या सहली असतात. एकाच रंगाच्या गणवेशातली पन्नास मुलं दालनात घुसली की पाच वर्षांच्या पोरीला काहीही दिसत नाही. घाबरू नका आणि वैतागून पुढेही पळू नका, कारण पुढे दुसरी शाळा असते. तिथेच बाकावर बसा, पाणी प्या. सहलीतल्या बाईंनाही पुढचं दालन गाठायचं असतं, वीसेक मिनिटांत शांतता होते.

आणि मग ते वाक्य, जे दर पाच मिनिटांनी ऐकू येतं: “बंद आहे वाटतं.” काही वस्तू दुरुस्तीसाठी बंद असतात हे खरं. हजारो हात रोज लागतात, त्या झिजणारच. पण आम्ही ‘बंद’ म्हणून सोडून दिलेल्या बऱ्याच गोष्टी नंतर धडधडीत चालू निघाल्या.

बागेतल्या दोन मोठ्या पराती घ्या, एकमेकींकडे तोंड करून लांब उभ्या केलेल्या. एकीपाशी कुजबुजायचं, दुसरीपाशी ऐकू येतं. आमचा मुलगा एकीसमोर उभा राहून, लांब उभ्या असलेल्या बाबांकडे तोंड करून बेंबीच्या देठापासून ओरडत होता. ऐकू आलं, पण ते अख्ख्या वरळीला आलं असणार. चूक तोंडाच्या दिशेत होती. बोलायचं परातीकडे तोंड आणि ऐकणाऱ्याकडे पाठ करून, आणि तेही परातीच्या पुढ्यातल्या एका ठरावीक जागी, जिला नाभी म्हणतात. तिथून निघालेला आवाज परातीवर आपटून समांतर जातो आणि दुसरी परात तो पुन्हा एका जागी गोळा करते. चार बोटं इकडेतिकडे झाली तरी मजा जाते. मुलाने तोंड फिरवलं, हळूच म्हणाला, “आजोबा, मला भूक लागलीये.” तिकडे बाबा दचकले. नुसते दचकले नाहीत, त्यांनी कानाला हात लावून पाहिला.

छायाघड्याळाचं तर फारच गैरसमजाचं प्रकरण. लोक मनगटावरच्या घड्याळाशी वेळ ताडतात, अर्ध्या तासाहून जास्त फरक दिसतो आणि ‘चुकीचं बसवलंय’ म्हणून निघून जातात. त्याने चुकीची वेळ दाखवली नाही, आपण चुकीच्या गावाची वेळ हातावर बांधली आहे. भारताची प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशाची, मिर्झापूरकडची. मुंबई साधारण ७२.८ अंशांवर. एका अंशाला चार मिनिटं, म्हणजे आपल्याकडे सूर्य सुमारे ३९ मिनिटं उशिरा डोक्यावर येतो. त्यात पृथ्वीच्या कक्षेमुळे आणि कललेल्या आसामुळे वर्षभर थोडी भर-घट होत राहते: फेब्रुवारीच्या मध्यात फरक ५३ मिनिटांच्या आसपास जातो, नोव्हेंबरच्या सुरुवातीला २३ मिनिटांवर येतो. घड्याळावर ही दुरुस्ती आधीच करून ठेवली नसेल तर मुलांना वजाबाकी करायला लावा, जमून आली की त्यांचे चेहरे बघण्यासारखे होतात. बाबांनी इथे भर घातली की मुंबईत पूर्वी ‘बॉम्बे टाइम’ चालायचा, प्रमाणवेळेच्या बरोबर ३९ मिनिटं मागे, आणि तो १९५५ पर्यंत टिकला. छायाघड्याळ अजून त्याच वेळेला धरून बसलंय, एवढंच.

पावसाळ्यात गेलात आणि स्थिर विजेच्या यंत्राच्या गोळ्याला हात लावूनही केस उभे राहिले नाहीत तर तिथल्या माणसाशी हुज्जत घालू नका. जुलैतल्या मुंबईच्या दमट हवेत गोळ्यावर विद्युतभार साठायच्या आत गळून जातो. हाच प्रयोग डिसेंबरच्या कोरड्या सकाळी झकास होतो. आवाजाचे प्रयोग गर्दीत पडतात, रंगीत सावल्यांचे प्रयोग कोणी मोबाइलचा टॉर्च लावला की पडतात. आणि ज्यांना बटण आहे त्यातल्या बऱ्याच वस्तू ठरावीक सेकंद चालून आपोआप थांबतात. मधेच पाच वेळा बटण दाबून काही होत नाही. लिफ्टचं बटणही दाबत राहिल्याने लवकर येत नाही, पण ते आपल्याला कोण सांगणार.

काही गोष्टी इतक्या संथ असतात की त्या बंद वाटतात. पुण्यात आयुका या खगोलशास्त्राच्या संशोधन संस्थेच्या आवारात फुकोचा लंबक आहे, पृथ्वी स्वतःभोवती फिरते हे दाखवणारा. लोक दोन मिनिटं बघतात आणि म्हणतात, “हा तर नुसता झुलतोय.” पुण्याच्या अक्षांशावर त्याच्या झुलण्याची दिशा तासाला जेमतेम पावणेपाच अंश वळते, पूर्ण फेरीला तीन दिवसांहून जास्त लागतात. तिथे टोक कुठे येतंय ते लक्षात ठेवायचं, तासभर भटकायचं आणि परत यायचं.

मोठ्यांच्या चुका मात्र यंत्रांपेक्षा वाईट. पहिली, मुलाच्या आधी दांडा ओढायचा. कप्पीने स्वतःलाच वर ओढून घ्यायच्या खुर्चीत मूल बसलं की बाप खालून ढकलतो. मग दोन कप्प्या आणि चार कप्प्यांमध्ये जोर किती कमी लागला, दोर किती जास्त ओढावा लागला, हे त्याच्या हातांना कळणार कसं? दुसरी, पाटी वाचून लगेच उत्तर सांगून टाकायचं. आम्ही आता बटण दाबायच्या आधी फक्त विचारतो, “काय होईल?” चुकीचं सांगितलं तर फारच उत्तम.

तिसरी सगळ्यात चिवट: माहीत नसताना ठोकून देणं. एका दालनात एक गृहस्थ मुलीला सांगत होते की उन्हाळ्यात पृथ्वी सूर्याच्या जवळ येते म्हणून उकडतं. प्रत्यक्षात ती सूर्याच्या सगळ्यात जवळ असते जानेवारीच्या सुरुवातीला, ऐन थंडीत, साधारण १४ कोटी ७० लाख किलोमीटरवर. उन्हाळा-हिवाळा आस कलल्यामुळे होतो. मी मधे बोलले नाही, मुलीसमोर बापाचा पाणउतारा नको. पण ‘मला नाही माहीत, चल पाटी वाचू’ म्हणायला खरंच काही लागत नाही. आणि ‘हे परीक्षेला असतं, नीट बघ’ हे तर कृपा करून घरी ठेवून या.

आजी-आजोबांना बाकावर बसवून पिशव्या सांभाळायला देणं ही चूक आम्ही बागेत केली. तिथे वाफेचं इंजिन आहे आणि मुंबईची जुनी ट्रामही. आम्ही परातींशी खेळत होतो तोवर बाबा पिशव्यांसकट गायब. शोधलं तर ट्रामपाशी. मुंबईची शेवटची ट्राम ३१ मार्च १९६४ ला धावली तेव्हा ते शाळेत होते. मुलाला म्हणाले, “दादर टीटी, टीटी म्हणतोस ना रोज, त्यातला टीटी म्हणजे काय सांग.” मुलाला ठाऊक नव्हतं. खरं सांगायचं तर मलाही नव्हतं. ट्राम टर्मिनस! मग चालत्या ट्रामच्या पायरीवरून उतरताना कुठल्या पायावर भार द्यायचा, उलट्या दिशेला तोंड करून उडी मारली तर कसं पाठीवर आपटायला होतं, याचं प्रात्यक्षिक झालं. जडत्वाचा नियम मुलाला तिथे कळला, तोही आत न जाता. पिशव्या तुमच्या तुम्ही घ्या.

लहानसहान गोष्टी भराभर सांगते. नवे बूट त्या दिवशी घालू नका. पाच वर्षांच्या आतल्या मुलाला अंधाऱ्या दालनात आधी दारातून डोकावू द्या, मग आत न्या. खेळ आणि प्रात्यक्षिकांच्या वेळा तिकीट काढतानाच विचारा, नाहीतर तुम्ही तिसऱ्या मजल्यावर आणि खेळ खाली सुरू. पोळीभाजीचा डबा दालनात उघडू नका, आणि उपाशीपोटी ‘अजून एक दालन करू मग खाऊ’ असंही करू नका. भुकेलं मूल आणि न्यूटन यांचं जमत नाही.

घरी आल्यावर निबंध लिहून घेऊ नका, हे माझ्या बहिणीसाठी खास. त्याऐवजी आमच्याकडे काय झालं ते सांगते. मुलाने दाराच्या चौकटीला दोरी बांधली आणि खाली कुलूप लटकवलं. दोरी कुलपासकट एक मीटर ठेवली की दहा हेलकाव्यांना वीस सेकंद लागतात, पाव मीटर केली की दहा. लांबी पावपट, वेळ निम्मा. आता कुलूप बदललं तर काय होईल, यावर पैज लागली. बाबा म्हणाले जड कुलूप लवकर हलेल, मुलगा म्हणाला हळू. दोघंही हरले, कारण काहीच फरक पडला नाही. ते कुलूप तळमजल्याच्या जिन्याचं होतं, हे सोसायटीच्या वॉचमनने दुसऱ्या दिवशी येऊन सांगितलं.