वालुकाश्मातले कण ओळखायचे आणि मोजायचे कसे

दगड फोडल्याशिवाय त्याला नाव देऊ नका. वरच्या सालीतले फेल्डस्पार (खडकांत नेहमी आढळणारी खनिजे) कुजलेले असतात, सिमेंट म्हणजे कणांना जोडणारे खनिज धुऊन गेलेले असते आणि लोहाचा तांबूस लेप सगळ्यालाच एक रंग देतो. नुसत्या लालीवरून ‘अर्कोज’ (फेल्डस्पार भरपूर असलेला वालुकाश्म) ठरवणे ही नेहमीची चूक आहे. गॉगल लावून ताजा कपचा काढा आणि ओला करा, म्हणजे कणांच्या कडा उठून दिसतात.

10 पट भिंग डोळ्याला चिकटवून धरा आणि दगड जवळ आणत जा. साधारण अडीच सेंटिमीटरवर तो स्पष्ट दिसतो. आधी आकार बघा: वाळू म्हणजे 0.0625 ते 2 मिमी. 0.25 ते 0.5 मिमी मध्यम, त्याखाली बारीक, त्यावर जाड. मग कण एकसारख्या मापाचे आहेत की लहानमोठे मिसळलेले, आणि कोपरे झिजलेत की टोकदार, हे टिपून ठेवा. लांबुळका कणही गुळगुळीत झिजलेला असू शकतो, तेव्हा आकृती आणि झीज वेगवेगळी नोंदवा.

आता खनिजे. क्वार्ट्झ काचेसारखा, वेडावाकडा फुटलेला, बहुधा करडा दिसतो. फेल्डस्पारचा कण उजेडात फिरवला की सपाट तुकडा आरशासारखा लखकन चमकतो. पण चमकले की फेल्डस्पार, असे समजू नका: क्वार्ट्झच्या कणावर नंतर क्वार्ट्झचेच सिमेंट चढले तर त्याच्याही सपाट बाजू चमकतात, आणि मूळचा गोल कण टोकदार भासतो. पोलादी सुई टोचली तर फक्त कुजलेला फेल्डस्पार ओळखता येतो. कुजलेला फेल्डस्पार खडूसारखा पांढरा असतो, त्यात ती रुतते. क्वार्ट्झवर ओरखडाही उठत नाही.

सिमेंटसाठी 10 टक्के हायड्रोक्लोरिक आम्लाचा एक थेंब पुरे. लगेच फसफसले तर कॅल्साइट. दगडाची पूड केल्यावरच मंद फसफसले तर डोलोमाइट असण्याची शक्यता. बुडबुडे कुठून येतात ते मात्र बघा, कारण शिंपल्याचा तुकडाही फसफसतो.

मोजणीसाठी कपच्याची एक बाजू घासून सपाट करा, पेन्सिलीने रेघा मारा आणि ठरावीक अंतरावर रेघेखाली येणारा कण नोंदवा. अंतर सर्वांत मोठ्या कणापेक्षा जास्त हवे, नाहीतर तोच कण दोनदा मोजला जातो. टक्के काढताना फक्त क्वार्ट्झ, फेल्डस्पार आणि खडकांचे तुकडे धरा. सिमेंट, अभ्रक आणि मॅट्रिक्स (कणांमधली बारीक माती-गाळ) बाजूला. याच क्रमाने 64, 29, 7 असे आले तर अर्कोज. क्वार्ट्झ 95 च्या वर गेला तर क्वार्ट्झ अरेनाइट, म्हणजे जवळजवळ निव्वळ क्वार्ट्झचा वालुकाश्म. मॅट्रिक्स संपूर्ण दगडाच्या 15 टक्क्यांहून जास्त भरले तर वॅक, म्हणजे गाळमिश्रित वालुकाश्म.

बारीक कणांच्या दगडात भिंगाची मोजणी अंदाजापलीकडे जात नाही. तिथे 0.03 मिमी जाडीचा पातळ छेद करून सूक्ष्मदर्शकाखाली किमान 300 बिंदू मोजावेत. त्यातही शेलचे (चिखलापासून बनलेल्या पापुद्री खडकाचे) मऊ तुकडे दाबाने चेपून मॅट्रिक्ससारखे दिसतात. कडक कणांभोवती वाकलेली त्यांची कड सापडली, तर ते खडकाच्या तुकड्यांत धरा.