गढूळ पाणी निवळताना या चुका टाळा

पावसाळ्यात नळाला चहाच्या रंगाचं पाणी आलं की घरोघरी तुरटीचा खडा बाहेर निघतो. उपाय योग्यच आहे, पण तो करताना बरेचदा घाई होते.

सर्रास होणारी चूक म्हणजे खडा फिरवतच राहणं. मातीच्या बारीक कणांवर ऋण विद्युतभार असतो, त्यामुळे ते एकमेकांना दूर लोटतात आणि तासन्‌तास खाली बसत नाहीत. तुरटीने हा भार नाहीसा होतो, कण एकत्र येऊन त्यांचे पुंजके होतात आणि जड होऊन तळाशी जातात. जोरात ढवळत राहिलात तर हेच पुंजके फुटतात. म्हणून खडा थोडा वेळ फिरवून बाहेर काढा, पाणी हलक्या हाताने जरासं ढवळा आणि मग हंड्याला हात लावू नका. गाळ पूर्ण बसला की वरचं पाणी ओगराळ्याने अलगद काढून चौपदरी सुती कापडातून गाळा. हंडा तिरका केलात तर सगळी मेहनत वाया. लवकर निवळत नाही म्हणून पुन्हा पुन्हा तुरटीही फिरवू नका, पाणी तुरट लागतं.

दुसरी चूक जिवावर बेतू शकते: नितळ दिसलं की ते पाणी थेट प्यायला घेणं. तुरटीने गाळ बसतो, पण कॉलरा, टायफॉइड, कावीळ यांचे जंतू पाण्यात उरू शकतात. निवळलेलं पाणी खळखळून निदान एक मिनिट उकळा, किंवा बाटलीवर लिहिलेल्या प्रमाणात क्लोरीनचे थेंब टाकून अर्धा तास थांबा. क्रम मात्र उलटा नको. गढूळ पाण्यात टाकलेलं क्लोरीन गाळातल्या घाणीवरच खर्ची पडतं. यूव्ही प्युरिफायरचंही तसंच. गाळाच्या आड लपलेल्या जंतूंपर्यंत किरण पोहोचत नाहीत.

गावाकडे माठाच्या आतून निवळीची बी घासतात. तिनेही गाळ बसतो, फक्त बीचा अंश पाण्यात राहतो, म्हणून ते पाणी दुसऱ्या दिवसावर ठेवू नये.

आणि प्रत्येक गढूळपणा मातीचा नसतो. दुधाळ पाणी पेल्यात तळापासून वर स्वच्छ होत गेलं, तर ते हवेचे बुडबुडे, काळजी नको. बोअरचं स्वच्छ पाणी ठेवल्यावर तांबूस झालं, तर त्यात लोह आहे. पण पाणी काळपट असेल, गटाराचा वास येत असेल, तर तुरटी आणि उकळणं दोन्हींवर भरवसा ठेवू नका. ते पाणी प्यायला, स्वयंपाकाला वापरू नका आणि पाणीपुरवठा विभागाला त्याच दिवशी कळवा.