६० अंशांवरची प्लेट: कोल्हापुरात उष्णताप्रेमी सूक्ष्मजीवांवर प्रोजेक्ट करणाऱ्यांसाठी

एम.एस्सी.ला ‘एक्स्ट्रीमोफाइल’ (टोकाच्या परिस्थितीत जगणारे सूक्ष्मजीव) विषय घेतला की डोळ्यांसमोर गरम पाण्याचे झरे येतात, आणि त्यासाठी घाट उतरून राजापूर किंवा तुरळ गाठायचे बेत ठरतात. तेवढे लांब जायची गरज नसते. कोल्हापूर जिल्ह्यात माणसाने बांधलेल्या, वर्षातले चार-पाच महिने सतत तापलेल्या जागा भरपूर आहेत. साखर कारखान्याची गरम पाण्याची टाकी, रसाचे हीटर, प्रेसमडचे (रस गाळून उरलेल्या मळीचे) ढीग ही त्यातली ठळक उदाहरणे. इचलकरंजीच्या प्रोसेसिंगमधून निघणारे कॉस्टिकचे सांडपाणी ही पीएच १० च्या आसपासची वेगळीच दुनिया. या जागांवर काम करताना एकच प्रश्न शेवटपर्यंत धरून ठेवावा लागतो: सापडलेला जीवाणू तिथे राहतो, वाढतो, की नुसता तग धरून पडलेला आहे?

हा फरक दोन जुन्या शोधांतून नीट कळतो. १९५६ मध्ये अमेरिकेत गॅमा किरणांनी निर्जंतुक केलेल्या डब्यातले मांस तरीही नासले, आणि त्यातून डायनोकोकस रेडिओड्युरन्स मिळाला. त्याचे घर काही किरणोत्सर्गात नव्हते. कोरडेपणा सोसण्याची त्याची ताकद किरणांविरुद्धही उपयोगी पडते, असे मानले जाते. थर्मस ॲक्वाटिकसची गोष्ट उलट आहे. थॉमस ब्रॉक यांनी तो यलोस्टोनच्या झऱ्यांत शोधला आणि १९६९ मध्ये त्याचे वर्णन प्रसिद्ध झाले. पुढे तशाच जातीचे जीवाणू घरगुती गरम पाण्याच्या टाक्यांतही मिळाले. ते तिथे खरोखर वाढत होते. प्रोजेक्टमध्ये आपला जीवाणू या दोहोंपैकी कुठे बसतो हे दाखवता आले, तर काम पक्के होते.

हंगामाचे गणित आधी मांडा. जिल्ह्यातले गाळप साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरात सुरू होते आणि मार्चच्या आसपास आटोपते. चौथ्या सेमिस्टरला विषय ठरवून फेब्रुवारीअखेर परवानगीचे पत्र हलवले, तर ऊस संपलेला असतो. विभागप्रमुखांच्या सहीचे पत्र डिसेंबरातच द्या आणि चीफ केमिस्टना भेटा. नमुना घेताना शिफ्ट केमिस्टना एक गोष्ट आवर्जून विचारा: मिल शेवटची कधी आणि किती तास बंद होती? क्लॅरिफायरमधला (रसातला गाळ खाली बसवणाऱ्या टाकीतला) रस ९५ अंशांच्या आसपास असतो, तिथे काही वाढत नाही, फक्त बीजाणू (जीवाणूंचे कवचबंद, सुप्त रूप) टिकतात. पण मिल थांबली, रस तसाच पडून राहिला आणि ७० अंशांच्या खाली उतरू लागला, की जिओबॅसिलससारखे उष्णताप्रेमी, बीजाणू बनवणारे जीवाणू जोर धरतात, आम्ल तयार होते आणि रसाचा पीएच घसरतो. त्यामुळे बंदच्या आधीचा आणि नंतरचा नमुना ही दोन वेगळी परिसंस्थाच समजा.

नमुना बर्फात ठेवायची सवय हाताला लागलेली असते, पण इथे ती मोडावी लागते. उसाचा रस ३०-३५ अंशांना आला की ल्यूकोनोस्टॉक मेसेंटेरॉइडिस हा जीवाणू झपाट्याने वाढतो. मिलच्या रोलरखालच्या ट्रेमध्ये बोटाला लागणारा बुळबुळीत थर बहुतांशी त्याच्याच डेक्स्ट्रॅनचा (साखरेपासून बनवलेल्या चिकट पदार्थाचा) असतो. बाटलीतला गरम रस लॅबपर्यंत हळूहळू निवत आला, तर वाटेत याच जीवाणूंची चंगळ होते. म्हणून अर्ध्या लिटरचा स्टीलचा थर्मास घ्या. उकळते पाणी भरून दहा मिनिटे ठेवा, ओतून टाका, एकदा नमुन्यानेच विसळा आणि मग गळ्यापर्यंत भरा. पोहोचल्यावर पुन्हा तापमान मोजा. ५५ च्या खाली गेले असेल तर तशी नोंद करा आणि शक्य असेल तर नमुना पुन्हा आणा. जागेवरचे तापमान, पीएच आणि वेळ तिथेच वहीत लिहा. घरी आल्यावर आठवून लिहिलेला आकडा कामाचा नाही.

गरम रसाच्या कॉकसमोर उष्णता रोखणारे, पाणी न शोषणारे हातमोजे घाला आणि तोंड बाजूला ठेवा. स्प्रे पाँडच्या (पाणी फवारून थंड करण्याच्या तळ्याच्या) तुषारांजवळ एन-९५ मास्क हवाच, कारण २५ ते ४५ अंशांच्या अशा पाण्यात फुफ्फुसांचा आजार करणारा लीजिओनेला जीवाणू वाढू शकतो. बंद टाकीत किंवा खड्ड्यात कोणत्याही कारणाने उतरायचे नाही. तिथला वायू माणसाला सावध व्हायलाही वेळ देत नाही.

आता मुख्य चाचणी. एकाच नमुन्याचे दोन भाग करा. एक तसाच पेरा, दुसरा उकळत्या पाण्याच्या बाथमध्ये १०० अंशांवर १० मिनिटे ठेवून पेरा. पुस्तकातले ‘८० अंश, १० मिनिटे’ इथे अपुरे पडते, कारण ६५-७० अंशांत राहणाऱ्या काही जीवाणूंच्या सक्रिय पेशीही ८० ला तगतात. दोन्हींची संख्या जवळपास सारखी आली, तर तुमच्याकडे प्रामुख्याने बीजाणू आहेत, म्हणजे तग धरणारे. तसाच पेरलेला भाग दहापट-शंभरपट जास्त आला, तर सक्रिय पेशी आहेत. कधी उकळलेल्या भागात संख्या उलट वाढते. ती चूक धरून फेकू नका, उष्णतेने बीजाणू जागे झालेले असतात. मोजणीला ३० ते ३०० कॉलन्यांच्याच प्लेट घ्या.

थर्मस हवा असेल तर नेहमीचा न्यूट्रिएंट अगार वापरू नका, खाद्य फार झाले की तो दबतो. ट्रिप्टोन १ ग्रॅम आणि यीस्ट एक्स्ट्रॅक्ट १ ग्रॅम दर लिटरला, सोबत क्षारांचे पातळ द्रावण, एवढे पुरते. अगार ३ टक्के ठेवा. ६५-७० अंशांवर दीड टक्क्याची प्लेट मऊ पडते, घाम सुटतो आणि कॉलन्या एकमेकींत वाहतात. त्याहून वर काम असेल तर अगारऐवजी उष्णतेत घट्ट राहणारा जेलन गम वापरा. प्लेट उलटी करून जाड प्लास्टिक पिशवीत ओल्या कापसासोबत बंद करा, नाहीतर दुसऱ्या दिवशी हाती पापड येतो. द्रव माध्यमात फ्लास्क एक-पंचमांशच भरा आणि शेकरवर ठेवा, कारण तापलेल्या पाण्यात ऑक्सिजन कमी विरघळतो.

बफरमध्ये (पीएच स्थिर ठेवणाऱ्या द्रावणात) बरेच जण फसतात. ट्रिस या नेहमीच्या बफरचा पीएच दर अंशामागे सुमारे ०.०२८ ने उतरतो. २५ अंशांवर ८ ला लावलेला बफर ६० अंशांवर ७ च्या आसपास असतो. फॉस्फेट बरेच स्थिर असते. ट्रिसच वापरायचा असेल तर वापराच्या तापमानालाच पीएच लावा.

रात्री लाईट गेली की ६० वरचा इनक्युबेटर पहाटेपर्यंत ४० ला येतो आणि प्लेटवर भलतेच काही उगवते. आत पाण्याने भरलेल्या दोन-तीन लिटरच्या काचेच्या बाटल्या ठेवल्या तर उतार मंदावतो. कमाल-किमान तापमापी मात्र ठेवाच. त्याच्या नोंदीशिवाय ती प्लेट ६० अंशांची म्हणता येत नाही.

कॉस्टिकच्या सांडपाण्यातल्या अल्कलीप्रेमींसाठी माध्यम थोडक्यात: ग्लुकोज १०, पेप्टोन ५, यीस्ट एक्स्ट्रॅक्ट ५, डायपोटॅशियम फॉस्फेट १, मॅग्नेशियम सल्फेट ०.२ आणि सोडियम कार्बोनेट १० ग्रॅम दर लिटरला. कार्बोनेट वेगळे ऑटोक्लेव्ह करून ६० अंशांच्या आसपास मिसळा. एकत्र तापवले तर माध्यम चहासारखे तपकिरी होते आणि अगारही नीट धरत नाही.

गुऱ्हाळावर काम करायचे असेल तर काहिलीच्या मागे लागू नका. गूळ उतरतो तेव्हा पाक ११५ अंशांच्या वर असतो, त्यात कुणी जगत नाही. खरा विषय पावसाळ्यात पाणी सुटलेला गूळ आणि काकवी हा आहे. झायगोसॅकरोमायसिस रूक्सीसारखे यीस्ट इतक्या साखरेतही वाढते. नमुना साध्या सलाईनमध्ये पातळ केला तर पेशी फुटतात, म्हणून ३० टक्के ग्लुकोजचे द्रावण घ्या आणि प्लेट २५-२८ अंशांवर किमान पाच ते सात दिवस ठेवा.

या कामातून हाताला जे वळण लागते, ते डिस्टिलरीची लॅब, सांडपाणी प्रक्रिया केंद्र, एन्झाइम उत्पादन, पाणी तपासणी अशा ठिकाणी थेट उपयोगी पडते. पुढे पीएच.डी. करायची असेल तर सीएसआयआर नेट किंवा गेटचा लाईफ सायन्सेसचा पेपर समांतर सुरू ठेवा.

उत्तम कॉलनी मिळाली की ती फ्रिजमध्ये ठेवून सुट्टीवर जाऊ नका. जिओबॅसिलसच्या सक्रिय पेशी थंडीत काही दिवसांतच मरतात. शुद्ध केल्याच्या दिवशीच २० टक्के ग्लिसरॉलमध्ये चार व्हायल करून उणे ८० अंशांवर ठेवा. जीवाणूंची ओळख पटवणाऱ्या १६एस जनुकाचा क्रम जवळच्या ज्ञात जातीशी ९८.७ टक्क्यांपेक्षा कमी जुळला तर नव्या जातीची शक्यता असते, आणि मग पुण्यातल्या एनसीएमआरसारख्या सूक्ष्मजीव संग्रहात जमा करण्याची तयारी करावी लागते. व्हायलवर तारीख, नमुन्याची जागा आणि तिथले तापमान पेन्सिलीने लिहा. मार्करची शाई ग्लिसरॉलच्या ओल्या हाताने पुसली जाते.