सोनटक्का लावताय? या चुका टाळा

दर जूनमध्ये कुणी ना कुणी माझ्याकडून सोनटक्क्याचे कंद नेतं आणि गणपतीच्या सुमारास तक्रार घेऊन येतं, की पानंच पानं आहेत, फूल एक नाही. कंद चांगले, मातीही बहुतेकांची बरी, पण चुका दरवर्षी त्याच. ‘सावलीत येतो, पाणी लागतं’ एवढं ऐकलं की माणसं खड्डा खणायला धावतात. पुढचं ऐकायला कुणी थांबत नाही.

सावली म्हणजे अंधार नव्हे. इमारतीची मागची भिंत आणि कुंपण यांच्यामधली, जिथे दुसरं काहीच जगत नाही अशी पट्टी सोनटक्क्याला देतात. तिथे तो मरत नाही, हीच पंचाईत. छातीएवढा वाढतो, दांडे उजेडाकडे कलतात, मोठ्या पावसात आडवे होतात आणि फुलायचं राहून जातं. त्याला सकाळचं दोन-तीन तास कोवळं ऊन हवं आणि नंतर पानांतून गाळून आलेला उजेड. दुपारचं ऊन थेट लागलं तर पानांच्या कडा करपतात. मी जागा ठरवण्याआधी तिथे सकाळी नऊला आणि दुपारी दोनला जाऊन उभी राहते. नऊला ऊन आणि दोनला सावली असेल तरच कुदळ हातात घेते.

पाण्याच्या बाबतीत मात्र मी स्वतः पोळले आहे. माझ्या माहेरी, कोकणात, न्हाणीचं पाणी परसात जातं त्या वाटेवर केळी, अळू आणि सोनटक्का पिढ्यान्‌पिढ्या वाढतोय. पुण्यात घर झाल्यावर मी तेच करायला गेले. काळ्या मातीत फूटभर खोल चर खणला, शेणखत भरलं आणि 12 कंद तळाशी लावले. जुलैत आठवडाभर झड लागली आणि चराचा हौद झाला. ऑगस्टमध्ये खालची पानं पिवळी पडू लागली. मला वाटलं, पाणी कमी पडतंय, म्हणून उघडीप मिळाली त्या दिवशीही मी पाणी घातलं. एका सकाळी दांडा जरा ओढला, तर तो कंदापासून सुटून हातात आला. कंद मऊ, तपकिरी, कुजका वास येणारा. वाचले फक्त 3, तेही चराच्या चढाकडच्या टोकाचे.

माहेरच्या जांभ्या जमिनीत पाणी येतं आणि निचरून जातं. काळी माती ते धरून ठेवते. साचलेल्या पाण्यात मुळांना हवा मिळत नाही, ती गुदमरतात आणि मग कंदकूज शिरते. हळद किंवा आलं लावणाऱ्या कुठल्याही शेतकऱ्याला हे ठाऊक असतं, आणि सोनटक्का त्याच कुळातला. आता मी जमिनीपेक्षा वीतभर उंच वाफा करते, मातीत जाडी वाळू आणि पूर्ण कुजलेलं शेणखत मिसळते, कंद आडवा ठेवून वर जेमतेम दोन बोटं माती लोटते. हे कंद वरच्या थरातच पसरतात, खोल पुरून काही मिळत नाही. वर पालापाचोळ्याचा जाड थर. तो एप्रिल-मे महिन्यांत पाण्याइतकाच कामाला येतो. पाणी घालण्याआधी बोट दोन पेरं मातीत खुपसा. ओल लागली तर झारी खाली ठेवा.

दर पंधरा दिवसांनी कंद उकरून ‘कोंब आला का’ बघणाऱ्यांना मी कंद देणंच थांबवलंय. दोन-तीन डोळ्यांचा जाड तुकडा लावा आणि पहिल्या वर्षी फुलाची वाट पाहू नका, त्याला पसरू द्या. नर्सरीतून फुलासकट कुंडी आणणं हा झटपट मार्गही फसवा आहे. तो दांडा एकदा फुलला की संपला, पुढची फुलं नव्या फुटव्यांनाच येतात.

म्हणूनच फुलून गेलेला दांडा मी जमिनीलगत कापते. पण दिवाळीच्या साफसफाईत हिरवे, न फुललेले दांडेही सरसकट छाटू नका. तेच कंदात अन्न भरत असतात.

युरिया नको, नुसती पानं माजतात.

पान गुंडाळलेलं दिसलं तर उलगडा, आत अळी असते. हळदीवरही तीच येते. मी हाताने वेचते. घरच्या चार दांड्यांसाठी फवारणीचा पंप काढायची गरज नाही.

तीन-चार वर्षांनी गड्डे दाटतात आणि फुलं कमी होतात. तेव्हा मेअखेरीस खणून विभागणी करा आणि उरलेले कंद शेजारीपाजारी वाटा. ओढ्याकाठी मात्र फेकू नका. पूर्व हिमालयाकडून जगभर गेलेलं हे झाड क्युबाचं राष्ट्रीय फूल झालं, पण हवाई बेटांवर आणि ब्राझीलमध्ये ओल्या जागा व्यापून त्याने तिथल्या मूळच्या झाडांना हुसकावलं आहे. कुणी घेणारं नसेल तर मी कंदांचे तुकडे करून ते उन्हात कडकडीत वाळवते, मगच टाकते.