दीर्घिकांचे वर्गीकरण कसे करावे?

२००७ साली सुरू झालेल्या ‘गॅलेक्सी झू’ या, सामान्य लोकांच्या मदतीने दीर्घिकांचे (ताऱ्यांच्या प्रचंड समूहांचे) वर्गीकरण करणाऱ्या ऑनलाइन प्रकल्पामध्ये दीर्घिकेचे छायाचित्र समोर आले की प्रथम ती गुळगुळीत व गोलसर आहे की तिला तबकडी आहे, हे ठरवावे आणि तबकडी असल्यास मधला दांडा व सर्पिल भुजा शांतपणे शोधाव्यात. शंका असली तरी उत्तर द्यावे, कारण एकच चित्र अनेकांना दाखवले जाते आणि त्यांच्यातील मतभेदही संशोधकांना उपयोगी पडतात.

अतिनवतारा (स्फोट होऊन अचानक तेजस्वी झालेला तारा) शोधताना मात्र आकाशाच्या त्याच भागाचे नवे, जुने आणि वजाबाकीचे (नव्यातून जुने वजा केलेले) अशी तीन चित्रे ताडून पाहावीत. वजाबाकीत उरलेला ठिपका गोल व भरीव हवा. अर्धा काळा, अर्धा पांढरा ठिपका ही बहुधा चित्रे नीट न जुळल्याची खूण असते.

अनोळखी काही दिसल्यास अवश्य विचारावे. हॅनी फान आर्केल या डच शिक्षिकेने तसे विचारले, म्हणूनच दीर्घिकेशेजारचा चकाकणाऱ्या वायूचा प्रचंड ढग उजेडात आला.