इंग्रजीतील ‘गेट’ हे क्रियापद कसे समजून घ्यावे

पुण्यातल्या अप्पा बळवंत चौकातल्या पुस्तकांच्या दुकानांतून आणलेल्या कोणत्याही चांगल्या इंग्रजी-मराठी शब्दकोशात ‘गेट’ हे क्रियापद काढून पाहिले, तर मिळणे, आणणे, होणे, पोहोचणे, समजणे, करवून घेणे असे अर्थ एकाखाली एक दिसतात आणि ते सगळे पाठ करण्याचा मोह होतो. तो टाळावा. ‘भूक लागली’, ‘ठेच लागली’, ‘नोकरी लागली’, ‘स्वारगेटला जायला अर्धा तास लागला’ या वाक्यांतले ‘लागणे’ आपण कधी पाठ केलेले नसते. शेजारच्या शब्दावरून ते आपोआप कळते. ‘गेट’चेही तसेच आहे. फरक इतकाच, की मराठीत आपण क्रियापदाच्या आधीचा शब्द पाहतो आणि इंग्रजीत नंतरचा पाहावा लागतो.

म्हणून पहिली पायरी म्हणजे ‘गेट’नंतर काय आले आहे ते पाहणे. नाम आले असेल, तर बहुधा मिळणे किंवा आणणे हा अर्थ असतो: ‘आय गॉट अ लेटर’. विशेषण आले, तर स्थिती बदलत आहे असे समजावे. ‘इट इज गेटिंग डार्क’ म्हणजे अंधार पडू लागला आहे आणि ‘शी गॉट अँग्री’ म्हणजे ती चिडली. ठिकाण आले, तर पोहोचणे: ‘वी गॉट टू शिवाजीनगर ॲट सिक्स’. मात्र ‘होम’, ‘हिअर’ आणि ‘देअर’ या शब्दांआधी ‘टू’ लावू नये. ‘गेट टू होम’ ही चूक फार ऐकू येते.

दुसऱ्या पायरीवर सावकाश थांबावे, कारण खरा गोंधळ येथेच होतो. ‘आय गॉट अ रिपेअर्ड वॉच’ आणि ‘आय गॉट माय वॉच रिपेअर्ड’ ही वाक्ये शेजारी शेजारी लिहून पाहावीत. पहिल्यात दुरुस्त केलेले घड्याळ मिळाले. दुसऱ्यात आपलेच घड्याळ दुसऱ्याकडून दुरुस्त करून घेतले. ‘रिपेअर्ड’ हा शब्द घड्याळाच्या आधी आहे की नंतर, एवढ्यावर सगळा अर्थ फिरतो. काम ज्याच्याकडून करून घेतले त्याचा उल्लेख करायचा असेल, तर ‘टू’ येतो: ‘आय गॉट द मेकॅनिक टू रिपेअर द स्कूटर’. मराठीतले ‘करून घेणे’ इतके चपखल बसते, की हा प्रकार मराठी माणसाला अवघड वाटण्याचे कारण नाही.

त्यानंतर ‘ऑन’, ‘ऑफ’, ‘इन’, ‘आउट’ यांच्याकडे वळावे. पीएमपीच्या बसमध्ये चढताना ‘गेट ऑन’ आणि उतरताना ‘गेट ऑफ’ म्हणतात, तर मोटारीसाठी ‘गेट इन’ आणि ‘गेट आउट’. ज्या वाहनात उभे राहून चालता येते, त्याला ‘ऑन’ लागते, हे लक्षात ठेवावे. दुचाकीवर आपण वरच बसतो, म्हणून तिलाही ‘ऑन’च. आजारातून बरे होणे याला ‘गेट ओव्हर’ म्हणतात.

‘आय हॅव गॉट अ सायकल’ या वाक्यात मिळण्याचा संबंध नाही. माझ्याकडे सायकल आहे, एवढाच त्याचा अर्थ. अमेरिकेत मिळाल्याचे सांगायला ‘हॅव गॉटन’ असे वेगळे रूप वापरतात.

शेवटी, अर्ज किंवा कार्यालयीन पत्र लिहिताना ‘गेट’ जपून वापरावे आणि तेथे ‘रिसीव्ह’, ‘बिकम’, ‘अराइव्ह’ यांपैकी योग्य क्रियापद निवडावे. बोलताना मात्र ‘गेट’च सहज वाटते.