संकेतस्थळावर पत्त्याचा नकाशा जोडताना या चुका टाळा

संपर्काच्या पानावर नकाशा जोडणे हे काही मिनिटांचे काम असल्यामुळे ते बहुतेक वेळा घाईत उरकले जाते. आपल्या संगणकावर नकाशा दिसला की काम झाले असे आपण धरून चालतो; पण तो नकाशा हातात मोबाइल घेऊन रस्ता शोधणाऱ्या माणसाला दारापर्यंत नेतो का, हे कोणी तपासत नाही. नकाशा दिसतच नसेल तर चूक लगेच ध्यानात येते. नकाशा व्यवस्थित दिसतो, पण खूण भलत्याच ठिकाणी असते, ही चूक मात्र महिनोन्महिने तशीच राहू शकते, कारण स्वतःच्या पत्त्याचा नकाशा आपण स्वतः कधीच वापरत नाही.

नकाशाच्या जागी रिकामी चौकट आणि तिच्यात जोडणी नाकारल्याचा संदेश दिसत असेल, तर बहुधा चुकीची लिंक वापरलेली असते. ब्राउझरच्या वरच्या पट्टीतला गूगल मॅप्सचा पत्ता उचलून आयफ्रेममध्ये (एका पानात दुसरे पान दाखवणाऱ्या चौकटीत) टाकला तर तो चालत नाही, कारण ते पान दुसऱ्या संकेतस्थळाच्या चौकटीत उघडू दिले जात नाही. त्यासाठी नकाशावर आपले ठिकाण उघडून ‘शेअर’मध्ये जावे आणि ‘एम्बेड’चा पर्याय निवडून तिथे मिळणारा संपूर्ण कोड घ्यावा. हा कोड वर्डप्रेसमध्ये (संकेतस्थळ तयार करण्याच्या प्रणालीत) साध्या परिच्छेदात चिकटवला तर पानावर नकाशाऐवजी कोडची अक्षरेच दिसतात. तो ‘कस्टम एचटीएमएल’ ब्लॉकमध्येच टाकावा लागतो. पान सेव्ह केल्यावर कोड गायबच होत असेल, तर आपल्या खात्याला असा कोड टाकण्याची परवानगी नाही असे समजावे आणि ते काम ॲडमिनकडून करून घ्यावे.

नकाशा काळवंडलेला दिसतो आणि त्यावर ‘फॉर डेव्हलपमेंट पर्पजेस ओन्ली’ असे शब्द उमटलेले असतात, तेव्हा दोष एपीआय कीचा (गूगलची सेवा वापरण्यासाठी मिळणाऱ्या ओळख-संकेताचा) किंवा बिलिंगचा असतो. गूगलने २०१८ पासून जावास्क्रिप्टने (ब्राउझरमध्ये चालणाऱ्या प्रोग्रामिंग भाषेने) चालणाऱ्या नकाशांसाठी ही की आणि तिला जोडलेले बिलिंग खाते या दोन्ही गोष्टी आवश्यक केल्या आहेत. ही की योग्य असूनही नकाशा उघडत नसेल, तर ब्राउझरचा कन्सोल (पानातले एरर दाखवणारा भाग) उघडून तिथला संदेश वाचावा, कारण नेमके कारण तिथेच लिहिलेले असते. ‘रेफरर नॉट अलाउड’ असा संदेश असेल, तर कीच्या परवानगीच्या यादीत आपले डोमेन नाही, किंवा डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूसह आणि त्याशिवाय अशा दोन रूपांपैकी एकच रूप तिथे आहे. हे बंधन त्रासदायक वाटते म्हणून काढून टाकणे ही त्याहून मोठी चूक ठरते. ही की पानाच्या सोर्समध्ये (मूळ कोडमध्ये) सर्वांना दिसते आणि बंधन नसेल तर दुसरे कोणीही ती वापरून बिल आपल्या खात्यावर चढवू शकते. केवळ एकच पत्ता दाखवायचा असेल, तर या वाटेला जाऊच नये असे माझे स्पष्ट मत आहे, कारण ‘शेअर’मधून मिळणाऱ्या कोडला कीची गरजच पडत नाही.

लीफलेट (पानावर नकाशा दाखवणारी जावास्क्रिप्ट लायब्ररी) आणि ओपनस्ट्रीटमॅप (लोकांनी मिळून बनवलेला खुला नकाशा) वापरणाऱ्यांच्या अडचणी निराळ्या असतात. नकाशाच्या डिव्हला (एचटीएमएलमधल्या चौकटीला) उंची दिलेली नसेल तर ती शून्य धरली जाते आणि कोणताही एरर न येता पानावर काहीच दिसत नाही. १०० टक्के उंची लिहूनही, बाहेरच्या डिव्हला उंची नसेल, तर परिणाम तोच होतो. नकाशाचे तुकडे विस्कटून इतस्ततः पडलेले दिसले, तर लीफलेटची सीएसएस फाइल (मांडणी ठरवणारी फाइल) जोडायची राहून गेली आहे. नकाशा टॅबमध्ये किंवा बटण दाबल्यावर उघडणाऱ्या भागात असेल आणि त्याचा एखादाच कोपरा भरत असेल, तर तो भाग उघडल्यानंतर ‘इनव्हॅलिडेट साइझ’ हे फंक्शन चालवावे. नकाशाच्या कोपऱ्यातला ओपनस्ट्रीटमॅपचा श्रेयनिर्देश मात्र कधीही लपवू नये. तो परवान्याची अट म्हणूनच तिथे असतो.

सर्वांत अधिक काळजी खुणेच्या जागेची घ्यावी. लीफलेट आधी अक्षांश आणि मग रेखांश मागते, तर जिओजेसनमध्ये (नकाशावरची माहिती साठवण्याच्या फाइल-प्रकारात) रेखांश आधी लिहावा लागतो. आयफेल टॉवरचा अक्षांश ४८.८५८४ आणि रेखांश २.२९४५ आहे, हे दोन आकडे उलटे लिहिले तर खूण थेट सोमालियाच्या पूर्वेला हिंदी महासागरात जाऊन पडते. अशी उघड चूक तरी लगेच सापडते. दशांश स्थळे कमी ठेवल्याने होणारी चूक सहसा सापडत नाही. दोनच दशांश स्थळे ठेवली तर खूण शेकडो मीटर दूर जाऊ शकते, तर पाच स्थळांना अचूकता सुमारे एका मीटरपर्यंत येते. लिखित पत्त्यावरून आपोआप शोधलेली खूणही जशीच्या तशी स्वीकारू नये, कारण ती अनेकदा इमारतीच्या किंवा संपूर्ण आवाराच्या मधोमध पडते, आणि मोठ्या आवारात त्यामुळे माणूस मागच्या बंद भिंतीपाशी पोहोचतो. नकाशावर आपले प्रवेशद्वार मोठे करून पाहावे आणि तिथलेच अक्षांश-रेखांश घ्यावेत.

त्यानंतर तेच पान मोबाइलवर उघडावे. गूगलचा कोड बहुधा ६०० पिक्सेल रुंदीचा असतो आणि अरुंद पडद्यावर तो चौकटीबाहेर जातो. रुंदी १०० टक्के केली की हा प्रश्न सुटतो. पान खाली सरकवताना बोट नकाशावर पडले की पानाऐवजी नकाशाच सरकतो, ही तक्रारही नेहमीची आहे. जावास्क्रिप्टच्या गूगल नकाशात ‘जेश्चर हँडलिंग’ला ‘कोऑपरेटिव्ह’ ही किंमत दिली की नकाशा दोन बोटांनीच हलतो. इतर प्रकारच्या नकाशांत नकाशाची उंची पडद्याच्या निम्म्याहून कमी ठेवावी, म्हणजे बोट टेकवायला मोकळी जागा उरते.

नकाशा पानाच्या तळाशी असेल तर आयफ्रेमला ‘लोडिंग लेझी’ हा गुणधर्म द्यावा, म्हणजे वाचक तिथवर पोहोचेपर्यंत त्याचा भार पानावर पडत नाही. स्क्रीन रीडर वापरणाऱ्यांना ही चौकट कशाची आहे ते कळावे म्हणून तिला ‘टायटल’ही द्यावे. नकाशाशेजारी पूर्ण पत्ता मजकुराच्या रूपात लिहावा आणि रस्ता दाखवणारी लिंक द्यावी. नेटवर्क कमकुवत असताना नकाशा उघडला नाही तरी पत्ता वाचता येतो, कॉपी करता येतो आणि फोनवरून कोणाला सांगताही येतो.